कंडेन्स्ड मिल्क आणि त्याचे पर्याय: नागपूरच्या स्वयंपाकघरातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात नेमकं काय असतं?

दूध आणि साखर, एवढंच. दुधातलं बरंचसं पाणी काढून टाकलेलं असतं आणि साखर भरपूर असते. 100 ग्रॅममध्ये साधारण 43 ते 45 ग्रॅम वरून घातलेली साखर, 28 ते 30 ग्रॅम दुधाचा घनभाग (स्निग्धांश, प्रथिनं आणि दुधातली मूळची साखर म्हणजे लॅक्टोज) आणि उरलेलं पाणी. पूर्ण स्निग्धांशाच्या प्रकारात किमान 8 टक्के स्निग्धांश लागतो. बाजारात थोडी साय काढलेल्या दुधाचे डबेही मिळतात, त्यांत तो कमी असतो. लेबलवर ‘पार्टली स्किम्ड’ लिहिलंय का ते पाहून घ्या. बर्फी कोरडी का लागते, याचं उत्तर पुष्कळदा तिथेच सापडतं.

पर्याय करतानाही याच तीन गोष्टींचा हिशेब जुळवायचा असतो: साखर, दुधाचा घनभाग आणि पाणी. ‘दाटसर दिसतंय’ या अंदाजावर केलेला पर्याय खिरीत खपून जातो, बर्फीत आणि केकमध्ये नाही. त्यामुळे खाली जिथे ग्रॅम दिलेत तिथे वजनकाटाच वापरा.

रेसिपीत ‘एक टिन’ लिहिलंय. म्हणजे किती वाट्या?

डबा ब्रँडप्रमाणे 380 किंवा 400 ग्रॅमचा असतो. कंडेन्स्ड मिल्क पाण्यापेक्षा जड आहे, 1 मिलीचं वजन सुमारे 1.3 ग्रॅम. त्यामुळे 400 ग्रॅम म्हणजे जवळपास 300 मिली, मापाचा सव्वा कप. 15 मिलीच्या एका चमच्यात 20 ग्रॅम बसतं आणि त्यातली 9 ग्रॅम साखरच असते. घरातल्या वाट्या 120 पासून 200 मिलीपर्यंत कशाही असतात, तेव्हा वाटीचं माप घेण्याआधी ती एकदा पाण्याने भरून मोजा.

घरी दूध आटवून कसं करायचं?

400 ग्रॅम, म्हणजे एका डब्याएवढं हवं असेल तर:

फुल क्रीम दूध (6 टक्के स्निग्धांश): 750 मिली, साखर 170 ग्रॅम
स्टँडर्ड दूध (4.5 टक्के): 870 मिली, साखर 172 ग्रॅम
टोन्ड दूध (3 टक्के): 1 लिटर, साखर 175 ग्रॅम

गवळ्याचं म्हशीचं दूध असेल तर फुल क्रीमचं माप धरा. मात्र दूध पातळ केलेलं नाही याची खात्री हवी.

जाड बुडाचा, रुंद तोंडाचा गंज (पातेलं) घ्या. रिकाम्या गंजाचं वजन आधी करून लिहून ठेवा. दूध मोठ्या आचेवर उकळा, मग आच मध्यम करा आणि बाजूला धरणारी साय सराट्याने (उलथन्याने) खरवडून परत दुधात ढकलत राहा. दूध निम्म्यावर आलं की साखर घाला. सुरुवातीलाच घातली तर दूध लवकर जड होतं, बुडाशी लागायची भीती वाढते आणि रंगही तपकिरीकडे झुकतो. साखर घातल्यावर मिश्रण एकदम पातळ होतं. घाबरायचं कारण नाही.

यापुढे आच मंद ठेवा आणि ढवळणं थांबवू नका. कधी उतरवायचं ते काट्यावर ठरतं. गंजाचं वजन अधिक 400 ग्रॅम झालं की गॅस बंद. गरम गंज ठेवण्याआधी काट्यावर जाड फडकं घाला आणि काटा शून्यावर आणा. काटा नसेल तर फ्रीजमधल्या थंड ताटलीवर एक थेंब टाका. ताटली तिरपी केल्यावर तो मधासारखा हळू ओघळायला हवा. गरम असताना मिश्रण डब्यातल्यापेक्षा पातळच दिसतं. तेव्हाच दाट दिसेपर्यंत आटवलं तर थंड झाल्यावर चमचा उभा राहील.

रुंद गंजात या सगळ्याला 40 ते 50 मिनिटं लागतात, उभट पातेल्यात दीड पट. शेवटी गाळणीतून गाळा, म्हणजे सायीचे तुकडे राहणार नाहीत.

घरचं कंडेन्स्ड मिल्क दुसऱ्या दिवशी रवाळ झालं. काय चुकलं?

बहुतेक वेळा तो लॅक्टोजचा रवा असतो. दुधातली ही साखर पाण्यात फार विरघळत नाही. पाणी आटलं की ती जादा होते आणि मिश्रण सावकाश गार होताना तिचे मोठे खडे बनतात. जिभेला वाळूसारखे लागतात. कारखान्यात गार करताना लॅक्टोजची अगदी बारीक पूड मिसळतात, त्यामुळे असंख्य पण जिभेला न जाणवणारे रवे तयार होतात. घरी याच्या जवळपास जायचं तर उतरवलेला गंज लगेच थंड पाण्याच्या परातीत ठेवा आणि कोमट होईपर्यंत सतत ढवळा. झाकण ठेवून ओट्यावर रात्रभर सोडून देऊ नका.

दुसरं कारण म्हणजे प्रमाणापेक्षा जास्त आटवणं. ते ओळखणं सोपं आहे: वजन 400 च्या खाली गेलेलं असतं. दोन चमचे गरम दूध घालून मंद आचेवर पाच मिनिटं ढवळा, सुधारतं.

पांढरे मऊ कण दिसत असतील आणि बाजूला पाणी सुटलं असेल तर मात्र दूध फाटलंय. त्याचं कंडेन्स्ड मिल्क होणार नाही. तसंच आटवून कलाकंद करा.

दूध आटवायला वेळ नाही. दूध पावडर चालेल?

चालेल, आणि बर्फीसाठी तर हा पर्याय भरवशाचा आहे, कारण पाणी तुमच्या हातात असतं. 400 ग्रॅमसाठी साय काढलेली दूध पावडर 110 ग्रॅम, घरी दळलेली साखर 165 ग्रॅम, बिनमिठाचं लोणी 35 ग्रॅम आणि कडकडीत गरम पाणी 100 मिली.

आधी साखर आणि लोणी गरम पाण्यात विरघळवा, मग ते मिक्सरच्या भांड्यात घेऊन पावडर तीन वेळा थोडी थोडी घालत फिरवा. उलट क्रमाने, म्हणजे पावडरवर पाणी ओतलं, तर बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात, त्या नंतर मोडत नाहीत. मिश्रण चार तास फ्रीजमध्ये ठेवा. पावडर पाणी शोषून घेते आणि कच्चट वास कमी होतो. फुल क्रीम पावडर असेल तर ती 130 ग्रॅम आणि लोणी फक्त 10 ग्रॅम.

बाजारातली आयसिंग शुगर इथे नको. तिच्यात बहुधा कॉर्नफ्लोअर असतं, गरम केल्यावर मिश्रण खळीसारखं होतं.

डेअरी व्हाइटनर आणि दूध पावडर एकच ना?

नाही. चहासाठीच्या डेअरी व्हाइटनरमध्ये साखर आधीच मिसळलेली असते, काहींत माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) ही. तेच घरात असेल तर पाकिटामागे 100 ग्रॅममध्ये वरून घातलेली साखर किती ते वाचा आणि तेवढी वरच्या प्रमाणातून वजा करा. इतवारी बाजारात सुटी पावडर घेत असाल तर दुकानदाराला स्पष्ट विचारा आणि चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. साधी पावडर किंचित गोड लागते. व्हाइटनर सरळ गोड लागतो.

कंडेन्स्ड मिल्कऐवजी खवा, रबडी किंवा बासुंदी?

खव्यात साखर नसते आणि पाणीही फार कमी असतं. 400 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कच्या जागी 170 ग्रॅम मऊ खवा, 170 ग्रॅम साखर आणि 70 मिली दूध एकत्र गरम करून मिक्सरमधून काढा. हलव्यात आणि खिरीत छान लागतो. केकमध्ये नको, कण राहतात.

बासुंदी आणि रबडीत साखर फार कमी आणि पाणी भरपूर. त्या पानात वाढण्यासाठी आहेत. ‘इव्हॅपोरेटेड मिल्क’ म्हणजे बिनसाखरेचं आटवलेलं दूध. नाव जवळचं वाटलं तरी डब्याला डबा अशी अदलाबदल करता येत नाही.

गुळाचं कंडेन्स्ड मिल्क होतं का?

होतं, पण क्रम पाळावा लागतो. गूळ किंचित आंबट धर्माचा असतो, त्यात क्षारही असतात. उकळत्या, त्यातून आटलेल्या दुधात तो पडला की दूध फाटतं. म्हणून 750 मिली फुल क्रीम दूध साखरेशिवाय 250 ग्रॅमपर्यंत आटवा आणि कोमट होऊ द्या. 150 ग्रॅम गूळ 2 चमचे पाण्यात विरघळवून, गाळून, तोही कोमट करून मिसळा. नंतर पुन्हा गॅसवर ठेवू नका. रंग खाकी येतो. तिळाच्या किंवा नाचणीच्या वड्यांना ही चव शोभते, संत्र्याला अजिबात नाही.

घरात मधुमेह आहे. साखर न घालता करता येईल?

साखर न घालता आटवलेलं दूध म्हणजे सौम्य रबडीच, आणि त्यातही लॅक्टोज असतंच. 1 लिटर दुधातलं सुमारे 45 ते 50 ग्रॅम लॅक्टोज आटवल्यावर तेवढंच राहतं, फक्त कमी चमच्यांत येतं. ‘शुगर फ्री’ गोळ्या गोडी देतात, दाटपणा देत नाहीत, त्यामुळे बर्फी चिकट किंवा भुसभुशीत होते. टिकण्याचाही प्रश्न आहे. कंडेन्स्ड मिल्क टिकतं ते साखरेमुळे, कारण एवढ्या साखरेत जंतूंना वाढायला लागणारं पाणी मिळत नाही. बिनसाखरेचं मिश्रण फ्रीजमध्ये दोन दिवसांत संपवा. किती खायचं ते डॉक्टरांना विचारा.

दूध चालत नाही त्यांच्यासाठी?

नारळाचं घट्ट दूध 400 मिली, साखर 120 ग्रॅम, चिमूटभर मीठ. मंद आचेवर 30 ते 40 मिनिटं, एकूण वजन 300 ग्रॅम होईपर्यंत. तेल सुटलं तर कोमट असताना मिक्सरमधून फिरवा, परत एकजीव होतं. उपासालाही चालतं. नारळाची चव मात्र लपत नाही.

घरी संत्रा बर्फी करताना मिश्रण फाटतं, नाहीतर कडू होतं. का?

नागपुरात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. यात दोन वेगळ्या अडचणी आहेत.

कडूपणापासून सुरुवात करू. संत्र्याच्या बिया आणि फोडींवरची पातळ साल यांतून रसात एक द्रव्य उतरतं. ताज्या रसात त्याची चव लागत नाही, पण थोडा वेळ गेला किंवा रस गरम झाला की त्याचं कडू लिमोनिन बनतं. म्हणूनच सकाळी गोड लागलेला रस दुपारी कडवट होतो. फोडी बियांसकट मिक्सरला लावल्या तर बर्फी कडू होणारच, वरून कितीही साखर घाला. फोड हाताने सोलून फक्त गर घ्या. वेळखाऊ काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

फाटण्याचं कारण आंबटपणा. दुधातलं केसीन हे प्रथिन आम्ल मिळालं की गोळा होतं. म्हणून पातळ रस कधीही थेट ओतायचा नाही. गर वेगळा आटवायचा आणि अगदी शेवटी मिसळायचा.

प्रमाण असं: चार मध्यम संत्र्यांचा सोललेला गर, सुमारे 250 ग्रॅम. त्यात 25 ग्रॅम साखर घालून स्टीलच्या किंवा नॉनस्टिक कढईत 100 ग्रॅम होईपर्यंत आटवा. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची कढई नको, आंबटामुळे रंग काळपट होतो आणि धातूची चव उतरते. आटलेला गर पूर्ण गार करा.

दुसऱ्या कढईत 1 चमचा तुपावर 250 ग्रॅम खोवा मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता, रंग बदलू देऊ नका. 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि 50 ग्रॅम दूध पावडर घाला. गोळा कढई सोडायला लागला की आच सगळ्यात मंद करा, गार गर दोन वेळा करून घाला आणि पुन्हा गोळा जमेपर्यंत, साधारण सहा ते आठ मिनिटं, परता. थोडा दाणेदारपणा येतो, तो चांगलाच लागतो. तूप लावलेल्या ताटात पाऊण इंच जाड थापा आणि चार तासांनी वड्या पाडा.

सुवास सालीत असतो, पण फक्त केशरी थरात. आतला पांढरा भाग कडू. आपल्या संत्र्याची साल सैल असल्यामुळे सोलल्यावर किसता येत नाही. घट्ट सालीचं फळ निवडून सोलण्याआधीच बारीक किसणीवर अलगद फिरवा. एका संत्र्याचा किस या प्रमाणाला पुरतो. गर घालताना तोही घाला.

फळ कोणतं? आंबिया बहाराचं (हिवाळी फुलोऱ्याचं) संत्रं ऑक्टोबर ते डिसेंबरात येतं, मृग बहाराचं (पावसाळी फुलोऱ्याचं) फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. आंबियाच्या सुरुवातीची फळं आंबट असतात, त्यांच्यासाठी गरातली साखर 40 ग्रॅम करा. हंगाम नसताना बाटलीतला संत्र्याचा स्क्वॅश घालून बर्फी करायचा मोह टाळा. त्यात सायट्रिक आम्ल असतं आणि पाणीही.

मग लिंबाच्या पुडिंगमध्ये कंडेन्स्ड मिल्क फाटत कसं नाही?

तिथेही केसीन जमतंच. पण मिश्रण थंड असतं आणि साखर भरपूर, त्यामुळे चोथा-पाणी वेगळं न होता सगळं मऊसर घट्ट होतं. 400 ग्रॅमला 100 मिली लिंबाचा रस, हाताने हलकेच ढवळून चार तास फ्रीजमध्ये. गरम केलं की मजा गेली. घरगुती कंडेन्स्ड मिल्कमध्ये पाणी जास्त राहिलं असेल तर हे नीट जमत नाही.

खोबऱ्याच्या वड्या कधी मऊ राहतात, कधी दगड होतात.

एका डब्याला 225 ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा बारीक किस. मंद आचेवर आठ ते दहा मिनिटं पुरतात. गोळा कढईत एकत्र फिरू लागला की उतरवायचं. कडेला तूप दिसेपर्यंत थांबलात तर दगडच. ओल्या नारळाचा चव वापरलात तर त्याच्या पाण्यामुळे वेळ जवळपास दुप्पट लागतो, आणि उन्हाळ्यात या वड्या बाहेर एक दिवसही ठेवू नका.

कुल्फी घट्ट होत नाही, लगेच वितळते.

साखर जास्त झाली. साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, म्हणून पूर्ण डबा रिचवलेली कुल्फी घरच्या फ्रीझरमध्ये लोण्यासारखीच राहते. 1 लिटर फुल क्रीम दूध 600 ग्रॅमपर्यंत आटवा आणि गार झाल्यावर त्यात 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क घाला. वरून साखर घालायची नाही. बर्फाचे खडे येत असतील तर दूध कमी आटलंय. मे महिन्यात फ्रीझरचं दार सतत उघडलं जातं. साचे मागच्या भिंतीला टेकवून ठेवा आणि रात्रभर हात लावू नका.

एगलेस केक मध्ये बसतो किंवा वरून करपतो.

कंडेन्स्ड मिल्क 200 ग्रॅम, मैदा 140 ग्रॅम, वितळलेलं लोणी 60 ग्रॅम, पाणी 100 मिली, बेकिंग पावडर 1 छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा, व्हिनेगर 1 छोटा चमचा. ओव्हन आधी तापवून 170 अंशांवर 35 ते 40 मिनिटं.

दूध आणि साखर एकत्र तापली की रंग लवकर चढतो, म्हणून 20 मिनिटांनंतर वर सैलसर फॉइल ठेवा. मध्ये बसण्याची दोन कारणं: ओव्हनचं दार लवकर उघडणं, किंवा घरच्या कंडेन्स्ड मिल्कमधलं जादा पाणी. दुसऱ्याची शंका असेल तर 100 मिली पाण्यातलं 20 मिली कमी करा. व्हिनेगर घातल्यावर मिश्रण दहा मिनिटांच्या आत ओव्हनमध्ये जायला हवं.

कोजागिरीच्या मसाला दुधात किती?

1 लिटरला 150 ग्रॅम. साखर वेगळी नको, त्यात सुमारे 65 ग्रॅम आलेली असते. दूध फार आटवायची गरज उरत नाही. केशर आधी चमचाभर गरम दुधात भिजवा.

बंद डबा कुकरमध्ये उकळून कॅरॅमल करतात. करावं का?

नको. पाणी आटलं तर डब्याच्या आत दाब वाढून तो फुटू शकतो, आणि गरम असताना उघडला तर आतलं चिकट मिश्रण अंगावर उडतं. ओढून उघडायच्या झाकणाचे डबे तर आणखीच नाजूक. त्यापेक्षा कंडेन्स्ड मिल्क स्टीलच्या डब्यात काढा, वर फॉइल घट्ट बांधा, कुकरमध्ये दोन इंच पाणी आणि जाळी ठेवून पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 35 ते 40 मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जाऊ द्या. गुठळ्या दिसल्या तर गार झाल्यावर फेटा.

नागपूरच्या उन्हाळ्यात डबा कुठे ठेवायचा?

बंद डबा बाहेर टिकतो, पण पारा 45 अंशांवर जातो तेव्हा गॅसजवळच्या कपाटात ठेवला तर आतलं मिश्रण काही महिन्यांत पिवळसर तपकिरी आणि घट्ट होतं. ते खराब झालेलं नसतं, मात्र पांढऱ्या बर्फीच्या कामाचं राहत नाही. उन्हाळ्यात विकत घेताना उत्पादनाची तारीख पाहा आणि काचेला टेकलेल्या, उन्हातल्या रांगेतला डबा उचलू नका. फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला डबा टाकून द्या, चाखून बघू नका.

उघडल्यावर उरलेलं काचेच्या किंवा स्टीलच्या कोरड्या बरणीत काढून फ्रीजमध्ये ठेवा. आठ-दहा दिवस चांगलं राहतं, चमचा मात्र दर वेळी कोरडाच हवा. पाण्याचा थेंब पडला की वरच्या थरात साखर कमी होते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. घरी केलेल्यालाही हाच हिशेब. फ्रीझरमध्ये दोन महिने जातं, पण बाहेर काढल्यावर रवाळ वाटू शकतं.

बाळाला पातळ करून दिलं तर चालतं का?

नाही. साखर अतिशय जास्त, आणि बाळाच्या वाढीला लागणारी पोषणतत्त्वं त्या प्रमाणात नसतात. आईच्या दुधाला किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या फॉर्म्युलाला हा पर्याय नाही.

डब्याच्या तळाशी चिकटलेलं वाया जातं.

15 ते 20 ग्रॅम सहज राहतं. रेसिपीत पुढे दूध किंवा पाणी घालायचं असेल तर त्यातलंच थोडं गरम करून डब्यात ओता, ढवळा आणि तेच वापरा. बर्फीत पाणी नकोच असतं. तिथे डबा उघडण्याआधी दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवा, मग लवचिक सराट्याने निपटून काढा.